एका ट्रॅक्टराचें फेरफार-पत्रक

ह्या मासिकाचे बहुतेक वाचक स्वतः शेती करणारे आहेत, व त्यांतील कित्येकांस यंत्रांची माहितीही चांगली आहे. प्रस्तुत लेखकास ती योग्यता नाहीं. माझें शिक्षण गांवच्या मराठी शाळेंतलें, आणि सारी उमेद महसूल खात्याच्या कचेरींत कारकुनी करण्यांत खर्च झाली. त्या नोकरीनें एक संवय मात्र अंगांत मुरविली. कोणताही उतारा हातांत आला असतां त्यावरील नांव वाचून न थांबतां, तें नांव तेथें कोणत्या फेरफारानें आलें हें पाहण्याची ती संवय होय. सात-बाराच्या उताऱ्यावर जुनें नांव खोडून टाकीत नाहींत. त्यास कंस करितात व शेजारीं फेरफाराचा क्रमांक घालितात. तो क्रमांक घेऊन गांव नमुना सहा उघडला म्हणजे काय बदललें, केव्हां बदललें व कोणत्या कारणानें बदललें, ह्याचा उलगडा होतो. जमिनीस ही व्यवस्था आहे. परंतु ती जमीन नांगरणाऱ्या यंत्रास आपण ती लावीत नाहीं, आणि त्यांत आपलें नुकसान होतें, असें माझें मत झालें आहे. तें मांडण्यास संपादक महाशयांनीं जागा दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहें.

हें मत कसें बनलें तें प्रथम सांगतों. माझ्या धाकट्या बंधूंकडे एक जुना विकत घेतलेला ट्रॅक्टर आहे. दोन वर्षांपूर्वीं मृगाचा पाऊस वेळेवर पडला, वाफसा आला, आणि नेमकी त्याच दिवशीं ट्रॅक्टराची लिफ्ट उचलेनाशी झाली. मिस्त्रीनें पंपाचा दोष काढला. आम्ही तालुक्याच्या गांवीं जाऊन ट्रॅक्टराचें नांव सांगितलें व त्या नांवाचा भाग घेऊन आलों. तो बसेना. परत गेलों तेव्हां दुकानदार म्हणाला, “नांव बरोबर आहे, पण मधल्या एका वर्षीं हा भाग बदललेला आहे. तुमच्या यंत्राचा नंबर काय?” नंबर आमच्यापैकीं कोणासच ठाऊक नव्हता. पाटी केव्हांच गळून पडली होती, आणि कागद पाहून ठेवण्याची बुद्धि, आयुष्यभर कागदच पाहिलेल्या माझ्यासारख्यासही, झाली नव्हती. योग्य भाग जिल्ह्याच्या गांवाहून येईपर्यंत आठ दिवस गेले. तोंवर पावसानें झड लावली, आणि सहा एकरांची सोयाबीनची पेरणी पंधरा दिवस मागें पडली. “दावणीला बैल असते तर पेरणी झाली असती,” असें आमच्या मातोश्री म्हणाल्या. त्यावर आम्हां दोघां भावांजवळ उत्तर नव्हतें.

त्यानंतर मीं एका ट्रॅक्टराचा सबंध इतिहास मुद्दाम मिळविला. इंग्रजी मजकूर पुतण्यानें वाचून अर्थ सांगितला, आणि मीं टिपणें काढलीं. हा ट्रॅक्टर अमेरिकेंतील फोर्ड कंपनीचा. १९३९ पासून १९५२ पर्यंत तो तयार होत होता, आणि तेवढ्या अवधींत त्यास नाइन-एन, टू-एन व एट-एन अशीं तीन नांवें मिळालीं. नांवांतील आंकडा सालाचा शेवटचा अंक होय. तोच निवडण्याचें कारण असें कीं, त्यांतील बदलांच्या नोंदी स्पष्ट आहेत; आणि आज आपल्या शिवारांत चालणाऱ्या ट्रॅक्टरांच्या पाठीमागची जोडणी त्याच घराण्यांतून आलेली आहे.

मूळ नोंद समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. फोर्ड यांचा त्यापूर्वींचा ट्रॅक्टर फोर्डसन. १९१७ सालीं तो निघाला, अमेरिकेंत १९२८ पर्यंत तयार झाला, आणि स्वस्ताईमुळें लाखोंनीं खपला. परंतु त्यांत एक घातक दोष होता. मागें ओढला जाणारा नांगर एखाद्या मुळांत किंवा खडकांत अडकला म्हणजे मागचीं चाकें अडत, आणि एंजिनाचा सारा जोर ट्रॅक्टराचें तोंड वर उचलण्याकडे लागे. ट्रॅक्टर मागें उलटून चालविणारा खालीं सांपडे. आयर्लंडांतील हॅरी फर्ग्युसन ह्या गृहस्थांनीं ह्यावर उपाय काढला. नांगर सांखळीनें ओढण्याऐवजीं त्यांनीं तो दोन खालच्या व एका वरच्या दांड्यानें ट्रॅक्टरास एकजीव केला. जमिनीचा विरोध वाढला कीं वरच्या दांड्यावर दाब येतो. तो दाब झडपेस पोंचतो, आणि तेलाच्या जोरानें नांगर किंचित् वर येतो. नांगराचा भार मागील चाकांवर पडून त्यांची पकड वाढते. अडथळा लागल्यास वरचा दांडा ट्रॅक्टराचें तोंड वर जाऊं न देतां खालीं दाबतो. ह्या युक्तीनें हलक्या ट्रॅक्टरास भारी ट्रॅक्टराचें काम करतां येऊं लागलें, आणि चालविणाराचा जीवही वांचला.

ऑक्टोबर १९३८ मध्यें फर्ग्युसन यांनीं आपलें यंत्र डिअरबॉर्न येथें हेन्री फोर्ड यांच्या वाडींत चालवून दाखविलें. फोर्ड प्रसन्न झाले. दोघांनीं हातांत हात दिले व व्यवहार ठरला. कागद मात्र झाला नाहीं. ह्या गोष्टीकडे मी पुढें वळणार आहें.

२९ जून १९३९ रोजीं नाइन-एन लोकांसमोर आला. किंमत ५८५ डॉलर. १२० घन इंचांचें चार नळकांड्यांचें पेट्रोल एंजिन, पुढें जाण्याचे तीन वेग, रबरी टायर, विजेचा स्टार्टर व मागें फर्ग्युसन यांची जोडणी, असें त्याचें स्वरूप होतें. एंजिनाच्या नळकांड्यांचा व्यास व दट्ट्याची धांव फोर्डच्याच मर्क्युरी मोटारीप्रमाणें ठेविली होती. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही लहानशी गोष्ट नव्हे; कारण चालू असलेल्या मोटारीचे भाग बाजारांत असतात, आणि त्यांतील कांहीं ट्रॅक्टरास उपयोगीं पडतात.

नाइन-एन हें नांव तीन वर्षें कायम होतें, पण पोटांत फेरफार चालूच होते. अगदीं पहिल्या कांहीं शें ट्रॅक्टरांचें तोंडावरील झांकण ॲल्युमिनियमचें होतें; तें पुढें पोलादी पत्र्याचें झालें. पुढील जाळीच्या पट्ट्या आधीं आडव्या होत्या, त्या उभ्या झाल्या. मागील चाकांचा टायर ३२ इंची कड्यावर बसणारा होता, तो पुढें २८ इंची कड्याचा झाला. ज्यानें नुसतें “नाइन-एनचा टायर द्या” म्हणून मागितलें असेल, त्याची गत आमच्यासारखीच झाली असली पाहिजे.

१९४२ सालीं दुसरें नांव आलें, टू-एन. महायुद्धामुळें रबर व तांबें लष्कराकडे जात होतें. तेव्हां कित्येक ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर निघाले. बॅटरी व स्टार्टर काढून मॅग्नेटो बसविला, आणि शेतकऱ्यास हातानें दांडा फिरवून एंजिन चालू करावें लागलें. पुढें माल मिळूं लागला तसतसे रबरी टायर व विजेची व्यवस्था परत आली. येथें एक गंमत नोंदवितों. नांव टू-एन झालें तरी एंजिनावर ठोकलेल्या क्रमांकाच्या आरंभीं अक्षरें नाइन-एनचींच राहिलीं. म्हणजे पाटी वाचणारास एक दिसे, क्रमांक वाचणारास दुसरें. असा उतारा आमच्या कचेरींत आला असता तर मंडळ अधिकाऱ्यांनीं तो खचित परत पाठविला असता. तरीही ह्या युद्धकाळच्या ट्रॅक्टराबद्दल मला आदर वाटतो. जें मिळत नव्हतें तें त्यानें टाकलें, पण नांगरणीस अवश्य असलेली जोडणी टाकली नाहीं. काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये, ह्याचा हा उत्तम दाखला आहे.

जुलै १९४७ मध्यें तिसरें नांव आलें, एट-एन. ह्यांत मात्र शेतकऱ्याच्या तक्रारींस उत्तर होतें. तीन वेगांच्या जागीं चार वेग झाले, म्हणून जमिनीच्या मगदुराप्रमाणें चाल निवडतां येऊं लागली. पूर्वीं डाव्या चाकाचा ब्रेक डावीकडे व उजव्या चाकाचा उजवीकडे असे. क्लचही डावीकडेच असल्यानें डावीकडे वळतांना एकाच पायास दोन कामें पडत. एट-एनमध्यें दोन्ही ब्रेक उजवीकडे आले. जुन्या यंत्राची लिफ्ट केवळ जमिनीच्या विरोधावर चाले. नांगरास ती उत्तम, परंतु जमीन सारखी करण्याचें फळें किंवा फवारणीचें औत एका उंचीवर धरून ठेवणें तिला जमत नसे. एट-एनमध्यें बैठकीजवळ एक लहान खटका आला, आणि तो फिरविला कीं औत ठरलेल्या उंचीवर राही. रंगही बदलला, सारा करडा होता, त्याचें पोट तांबडें व पत्रा फिकट करडा झाला.

१९५० सालीं, नांव तेंच ठेवून, त्यांत आणखी दोन सुधारणा झाल्या. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक नळकांड्यास वेळेवर ठिणगी पुरविणारा भाग, तोंवर एंजिनाच्या अगदीं पुढें पंख्यामागें दडविलेला असे. तेथें हात पोंचणें कठीण. तो काढून एंजिनाच्या बाजूस उघड्यावर आणला. दुसरी सुधारणा घड्याळासारख्या एका तबकडीची. एंजिनाचे फेरे, ट्रॅक्टराचा वेग व कामाचे एकूण तास ती दाखवी. माझ्या मतें सबंध तेरा वर्षांतील ही सर्वांत शहाणपणाची भर होय. कारण तास मोजले गेले म्हणजे तेल केव्हां बदलावयाचें तें अंदाजावर राहत नाहीं, आणि ट्रॅक्टर भाड्यानें देणारास हिशेबही चोख ठेवतां येतो. परंतु हेंही विसरूं नये कीं, पंख्यामागें हात घालून कातडी सोलून घेणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार ऐकून घेण्यास कारखान्यास अकरा वर्षें लागलीं.

आतां त्या न झालेल्या कागदाकडे वळूं. एप्रिल १९४७ मध्यें हेन्री फोर्ड वारले. त्यापूर्वींच कारभार त्यांच्या नातवाकडे गेला होता, आणि नव्या कारभाऱ्यांनीं फर्ग्युसन यांच्याशीं असलेला व्यवहार मोडण्याचें ठरविलें होतें. एट-एन निघाला तो फर्ग्युसन यांस वगळून. पण पाठीमागची जोडणी त्यांचीच. जानेवारी १९४८ मध्यें फर्ग्युसन यांनीं २५ कोटी १० लाख डॉलरांचा दावा लाविला. तो चार वर्षें चालला, आणि एप्रिल १९५२ मध्यें ९२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. शिवाय लिफ्टच्या कांहीं रचना पुढें वापरावयाच्या नाहींत, असें फोर्ड कंपनीस कबूल करावें लागलें.

तोंडी वाटप, तोंडी बटई व तोंडी कबुली यांतून उपजलेलीं प्रकरणें मीं कचेरींत शेंकड्यांनीं हाताळलीं आहेत. बहुतेकांत दोन्ही पक्ष आरंभीं प्रामाणिकच असत. शब्द देणारा हयात असेपर्यंत शब्द टिके. तो गेला कीं वारस म्हणत, आम्हांस ठाऊक नाहीं. कोट्यवधींचा धनी असलेल्या फोर्ड यांच्या घरींही हेंच घडलें, ह्याचें मला तरी नवल वाटलें नाहीं. तेव्हां भाऊबंदांत भागींत ट्रॅक्टर घेणारांनीं, नांगरणीचा दर ठरविणारांनीं, अथवा जुन्या यंत्राचा विसार देणारांनीं चार ओळींचा कागद अवश्य करावा. कागद हा अविश्वासाचें चिन्ह नव्हे. आपल्या पश्चात् मुलांनीं भांडूं नये म्हणून केलेली ती तरतूद आहे.

ह्या तडजोडीचें एक फळ मात्र शेतकऱ्यास गोड लागलें. जुनी रचना सोडणें भाग पडल्यामुळें १९५३ च्या नव्या ट्रॅक्टरांत पंप एंजिनाकडे नेला. पूर्वींचा पंप पी.टी.ओ.च्या दांड्यावर चाले, म्हणून क्लच दाबला कीं लिफ्टही थांबे. ती अडचण गेली. तसेंच पूर्वींचा पी.टी.ओ.चा दांडा १⅛ इंच जाडीचा असल्यानें इतर कारखान्यांचीं १⅜ इंची दांड्याचीं औतें त्यास जोडण्यासाठीं मध्यें नळी घालावी लागे. तोही दांडा सर्वमान्य मापाचा झाला.

इतकी नोंद वाचल्यावर मीं ह्या सर्व बदलांचे तीन रकाने पाडले. पहिल्या रकान्यांत शेतकऱ्याची अडचण दूर करणारे बदल: चौथा वेग, ब्रेक, उंचीचा खटका, बाजूस आणलेला डिस्ट्रिब्यूटर, तासांची तबकडी. दुसऱ्यांत कारखान्याच्या किंवा काळाच्या गरजेनें झालेले: युद्धांतील लोखंडी चाकें, कोर्टाच्या तडजोडीनें हललेला पंप. तिसऱ्यांत केवळ डोळ्यांस दिसणारे: रंग, जाळी, नांवाची पाटी. नवें मॉडेल घेण्यास निघालेल्या बंधूंनीं हेच तीन रकाने कागदावर पाडून मग विक्रेत्यासमोर बसावें, अशी माझी विनंति आहे. पहिल्या रकान्यांत कांहींच पडत नसेल, तर हप्त्यांचा बोजा सात-बारावर चढविण्याचें कारण काय? आणि पहिला रकाना भरलेला असेल, तर जुन्याचा मोह धरून कंबर मोडून घेण्यांत तरी काय पुरुषार्थ?

चौथाही एक रकाना आहे, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो न बदललेल्या गोष्टींचा. ह्या तेरा वर्षांत तिन्ही दांड्यांची जोडणी तीच राहिली. १९३९ सालीं नाइन-एनबरोबर घेतलेला नांगर १९५२ च्या एट-एनला जोडतां येत असे. यंत्र बदललें तरी शेतकऱ्याचा औतांचा गोठा मोडींत निघाला नाहीं. पुढें हीच जोडणी सर्व कारखान्यांनीं उचलली, तिचीं मापें ठरलीं, आणि फर्ग्युसन यांची कंपनी १९५३ सालीं मॅसी-हॅरिस कंपनींत मिळाल्यावर त्या घराण्याचे ट्रॅक्टर १९६० नंतर मद्रासेस तयार होऊन आपल्याकडेही आले. आज एका कारखान्याचा पलटी नांगर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरास आपण सहज लावतों, त्याचें श्रेय ह्या न बदलण्यास आहे.

कोणी म्हणतील, “चांगलें यंत्र एकदां केलें कीं कारखान्यानें तें बदलूंच नये, म्हणजे भागांची पंचाईत राहणार नाहीं.” हें म्हणणें मला मान्य नाहीं. तसें झालें असतें तर डिस्ट्रिब्यूटर जन्मभर पंख्यामागेंच राहिला असता. बदल व्हावेत, पण प्रत्येक बदलाची नोंद क्रमांकासह असावी, आणि ती शेतकऱ्यास मिळावी. एट-एनचा क्रमांक एंजिनाच्या डाव्या बाजूस ठोकलेला असे. पंच्याहत्तर वर्षांपूर्वींचा तो ट्रॅक्टर आजही कोणी दुरुस्त करावयास घेतला, तर त्या क्रमांकावरून डिस्ट्रिब्यूटर पुढचा कीं बाजूचा हें समजतें. आमच्या दहा-बारा वर्षांच्या ट्रॅक्टरास तें समजलें नाहीं, ह्यांत दोष यंत्राचा कमी व आमचा अधिक.

म्हणून आपल्या संस्थेपुढें मी एक साधी सूचना ठेवितों. संस्थेनें एक वही घालावी व तिचें नांव ‘यंत्रांचें फेरफार-पत्रक’ असें ठेवावें. प्रत्येक सभासदाच्या ट्रॅक्टराचें नांव, एंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक, तयार झाल्याचा महिना व साल, आणि दुरुस्तींत बदललेला प्रत्येक भाग त्याच्या क्रमांकासह तींत लिहावा. बदललेल्या भागास कंस करावा, पण खोडूं नये. ट्रॅक्टर विकला गेला तर त्या पानाची नक्कल घेणारास द्यावी. अशीं पन्नास पानें भरलीं म्हणजे तालुक्यांत कोणत्या सालच्या यंत्राचा कोणता भाग वारंवार जातो तें दिसूं लागेल, आणि तो भाग पेरणीपूर्वींच आणून ठेवतां येईल. खर्च एका वहीचा. लिहिण्याचें काम करण्यास मी विनावेतन तयार आहें. अक्षर अद्याप बरें आहे.

आमच्या बंधूंच्या ट्रॅक्टराचें पान मीं घालून ठेविलें आहे. पुसट झालेला क्रमांक खडू घासून वाचला व लिहून काढला. त्या पानावर पहिली नोंद त्या पंपाची आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यांत मीं लिहिलें आहे: “पेरणीस पंधरा दिवस उशीर. कारण, क्रमांक माहीत नव्हता.” दुसऱ्या कोणाच्या पानावर हा शेरा लिहिण्याची पाळी माझ्यावर येऊं नये, एवढीच इच्छा आहे.